उद्यमबागेतली मोडलेली ग्रिड: कार्बन-कार्बन नेमकं कुठे जळतं

ऑगस्ट 2024. बेळगावात पावसाची झड लागलेली होती. उद्यमबागेतल्या ज्या हीट ट्रीटमेंट शॉपमध्ये (पोलाद तापवून, थंड करून कडक करायचं काम) मी प्रोसेस बघतो, तिथे सकाळी सहाच्या सुमारास व्हॅक्यूम भट्टीतून रात्रीचा लोड बाहेर काढत होते. लोडरचा काटा ग्रिडखाली, म्हणजे लोड ज्यावर मांडतात त्या पाटीखाली, गेला, लोड उचलला आणि मधोमध कडकन आवाज झाला. ग्रिडचे दोन तुकडे झाले. वरचे एच-13 पोलादाचे डाय इन्सर्ट आणि पंच फरशीवर आले. खाली कुणी उभं नव्हतं. दोन इन्सर्टचे कोपरे उडाले, एवढ्यावर निभावलं.

आमचे मामा, म्हणजे शॉपमधले सर्वांत जुने ऑपरेटर, एक तुकडा हातात घेऊन माझ्याकडे आले. "काय वो साहेब, हे बिस्किटासारखं मोडलंय की. पोलादाची बास्केट अशी कधी मोडली नव्हती."

मामांचं म्हणणं खरं होतं. पोलादाची बास्केट मोडत नाही, ती वाकते. निकेल-क्रोमच्या बास्केट हजार अंशांवर वजन घेऊन उभ्या राहिल्या की काही महिन्यांत खाटेसारख्या झोळ धरतात आणि वरचा जॉबही (प्रक्रियेला आलेला भाग) वाकडा करतात. म्हणून दीड वर्षापूर्वी आम्ही कार्बन-कार्बनच्या ग्रिड घेतल्या होत्या. कार्बन तंतूंच्या कापडात राळ भरायची, हवेशिवाय भाजून राळेचाही कार्बन करायचा, राहिलेली छिद्रं पुन्हा भरून पुन्हा भाजायचं, अशा फेऱ्यांतून हा पदार्थ तयार होतो. तंतूही कार्बन आणि त्यांना धरून ठेवणारा मसालाही कार्बन. 600 बाय 400 मिलिमीटरची 8 मिलिमीटर जाड पाटी घेतली तर कार्बन-कार्बनची जेमतेम तीन किलो भरते, पोलादाची पंधरा किलो. प्रत्येक सायकलला ते बारा किलो मेलेलं वजन तापवायचं आणि थंड करायचं, हा खर्च वाचतो. शिवाय पोलाद तापेल तसं मऊ होतं, कार्बन-कार्बन दोन हजार अंशांवरही ताकद सोडत नाही. पण हे हवा नसेल तोवरच. हवा लागली की साधारण 400 ते 500 अंशांपासून ते जळू लागतं. ज्वाळा नाही, धूर नाही. कार्बनचा वायू होतो आणि निघून जातो, मागे राखसुद्धा उरत नाही.

मोडलेली ग्रिड टेबलावर ठेवून मी तासभर नुसती बघत होतो. कडा गोल झाल्या होत्या, वापरून झिजलेल्या साबणाच्या वडीसारख्या. मोडलेल्या जागी तंतू सुटे झालेले, दात घासून पिंजलेल्या ब्रशसारखे. सूक्ष्मदर्शकाखाली तंतूंची टोकं सुईसारखी निमुळती दिसली, आणि ही ऑक्सिडेशनची ओळखीची खूण आहे. नुसत्या भाराने तुटलेला तंतू असा टोकदार होत नाही. ग्रिडच्या खालच्या बाजूला मात्र वेगळंच काही होतं: पांढरट डाग, आणि डागांखाली बारीक खड्डे. त्या खड्ड्यांकडे मी त्या दिवशी द्यायला हवं होतं तेवढं लक्ष दिलं नाही. तपासाचे पहिले चार दिवस त्यामुळे फुकट गेले.

पहिला संशय गळतीवर गेला. व्हॅक्यूम भट्टीत काहीही बिघडलं की आधी दाराच्या सीलकडेच बोट दाखवतात. भट्टी रिकामी आणि कोरडी करून, पंप बंद ठेवून दाब किती वेगाने चढतो ते मोजलं. चढ तासाला 10 मायक्रॉनच्या (पाऱ्याच्या स्तंभात मोजलेल्या दाबाच्या) आत असेल तर अशी भट्टी धडधाकट समजतात; आमची त्यात बसली. पण मोजण्याआधी मी एक साधा हिशेब करायला हवा होता. भट्टी चालू असताना आतला दाब मिलिबारच्या शंभराव्या भागाच्या आसपास असतो, बाहेरची हवा हजार मिलिबार. म्हणजे बाहेर एक लाख पट हवा. बारीक गळतीतून रात्रभर जेवढा ऑक्सिजन आत येईल, त्याहून कितीतरी अधिक ऑक्सिजन गरम ग्रिडला दार उघडल्यावर काही मिनिटांत भेटतो. चोर फटीतून शिरला नव्हता, त्याला दार उघडून आत घेतलं होतं.

याच आठवड्यात मालकांनी मला ऑफिसात बोलावलं. त्यांनी बातमी जपून ठेवली होती: एप्रिल 2024मध्ये इस्रोने पीएसएलव्ही रॉकेटच्या चौथ्या टप्प्याच्या इंजिनासाठी कार्बन-कार्बनचा नोझल डायव्हर्जंट, म्हणजे नोझलचा रुंद होत जाणारा भाग, तयार झाल्याचं जाहीर केलं होतं. आधीच्या कोलंबियम मिश्रधातूच्या नोझलपेक्षा वजन सुमारे 67 टक्के कमी, त्यामुळे रॉकेटची वाहून नेण्याची क्षमता 15 किलोने वाढणार, आणि ऑक्सिडेशन होऊ नये म्हणून वर सिलिकॉन कार्बाइडचा लेप. "इस्रोवाले लेप लावतात, मग आपण का नको? कोटेशन मागवा की," मालक म्हणाले.

प्रश्न रास्त होता आणि त्याचं उत्तर द्यायला मला दोन दिवस लागले. ते इथे सविस्तर लिहितो, कारण कार्बन-कार्बन वापरणारा प्रत्येक जण आज ना उद्या या वळणावर येतोच.

सिलिकॉन कार्बाइड ऑक्सिजन अडवतं, कारण तापल्यावर त्याच्या पृष्ठभागावर सिलिकाची, म्हणजे काचेची, पातळ कातडी धरते. अडचण अशी की कार्बन-कार्बन कापडाच्या दिशेने जवळजवळ फुगतच नाही, आणि सिलिकॉन कार्बाइड त्याच्या काही पट फुगतं. लेप चढवतात तो हजार अंशांच्या वर. तिथून थंड होताना लेप आकसतो, खालचं कार्बन आकसत नाही, आणि लेपाला भेगा पडतात. कडक उन्हात तळ्याचा गाळ भेगाळतो तशा. पुन्हा तापवलं की याच भेगा मिटत जातात, आणि जिथे लेप चढला होता त्या तापमानाजवळ जवळपास बंद होतात. म्हणून लेप दिलेल्या कार्बनला खरा धोका सर्वांत वरच्या तापमानाला नसतो, मधल्या पट्ट्यात असतो. साधारण 500 ते 1000 अंशांत भेगा उघड्या असतात, कार्बन जळण्याइतका तापलेला असतो, आणि भेग बुजवणारी सिलिका पुरेशा वेगाने तयार होत नाही. इस्रोच्या त्या नोझलची 200 सेकंदांची चाचणी 2 एप्रिल 2024ला महेंद्रगिरीत झाली. त्यात नोझल 1216 केल्विनपर्यंत, म्हणजे सुमारे 943 सेल्सिअसपर्यंत तापलं. पट्टा हाच.

मग भेगा बुजवायला काच वापरतात. बोरॉन ऑक्साइड 450 अंशांच्या आसपासच वितळतं आणि मधासारखं भेगेत उतरतं. वरच्या तापमानाला ते उडून जाऊ लागतं, आणि ओल असेल तर त्याहून आधी, म्हणून सिलिकाबरोबर मिसळून बोरोसिलिकेट करतात. अमेरिकेच्या स्पेस शटलच्या नाकावर आणि पंखांच्या पुढच्या कडेला जे कार्बन-कार्बन होतं, त्यात सिलिकॉन कार्बाइडचा थर, त्यात मुरवलेली सिलिका आणि वर सोडियम सिलिकेटचा सीलंट अशी तीनपदरी तटबंदी होती. विमानांच्या कार्बन ब्रेकना आणखी वेगळा उपाय करतात: घर्षण होत नाही त्या भागांत फॉस्फेट मुरवतात. कार्बनच्या पृष्ठभागावर ऑक्सिजन ज्या कमकुवत जागा पकडतो, त्याच जागा फॉस्फेट आधी अडवून बसतं.

यातलं आमच्या भट्टीत काय टिकणार? बोरॉन ऑक्साइड व्हॅक्यूममध्ये उडून गरम कक्षाच्या थंड भागांवर जाऊन बसेल. फॉस्फेट ब्रेकला चालतं कारण तिथे भोवती हवा असते; हजार अंश, व्हॅक्यूम आणि शेजारी कार्बन एकत्र आले की कार्बन फॉस्फेटमधला ऑक्सिजन ओढून घेऊ शकतो आणि फॉस्फरस मोकळा होऊ शकतो. फॉस्फरस पोलादात शिरला की पोलाद ठिसूळ होतं. गिऱ्हाइकाच्या डायवर असा प्रयोग मला करायचा नव्हता. राहता राहिलं सिलिकॉन कार्बाइड. ते आमच्या 1030 अंशांना व्हॅक्यूममध्ये टिकेल, पण तापलेल्या पोलादाला टेकलं की लोखंड त्यातल्या सिलिकॉनशी संयोग करतं, म्हणजे जॉबखाली वेगळी पाटी ठेवणं आलंच. शिवाय ग्रिडवर रोज काटा आणि पोलाद आदळणार. लेपाचा टवका उडाला की त्या एका भोकातून आतला कार्बन खायला सुरुवात होते, आणि वरून ग्रिड शाबूत दिसत राहते. उघडी ग्रिड झिजते तेव्हा निदान दिसते तरी. लेपाखाली पोखरलेली ग्रिड मला जास्त धोक्याची वाटली.

मालकांना सांगितलं, "कोटेशन थांबवूया. हवा कुठून येते, किती तापमानाला येते आणि सोबत काय घेऊन येते, ते आधी कळू द्या." त्यांनी पंधरा दिवस दिले.

बाकीच्या ग्रिड मोजायला घेतल्या. खरेदीच्या वेळी पुरवठादाराने प्रत्येकीचं वजन दिलेलं होतं, ते कागद कुणी फेकले नव्हते हे नशीब. पहिल्या दिवशी मात्र गोंधळ झाला: दोन ग्रिड मूळ वजनापेक्षा जड भरल्या! मामा म्हणाले, "जळालं तर वजन वाढतंय का कुठं?" मीही चक्रावलो. मग ध्यानात आलं की या ग्रिड नुकत्याच वॉशरमधून, म्हणजे जॉब धुवायच्या यंत्रातून, आल्या होत्या. कार्बन-कार्बन छिद्रांचं असतं, पाणी पितं. ओव्हनमध्ये वाळवून, थंड करून पुन्हा मोजल्या तेव्हा खरी घट दिसली. सगळ्यांची सारखी नव्हती. जी ग्रिड नेहमी सर्वांत खाली लागायची तिची सर्वांत जास्त.

इथे थोडं थांबून वजनाबद्दल बोलायला हवं. कार्बन-कार्बनमध्ये ऑक्सिजन वरवर चाटत बसत नाही. मधल्या तापमानाला तो छिद्रांतून आत उतरतो आणि तंतू व मसाला यांच्यामधला सांधा आधी खातो. भिंतीतल्या विटा शाबूत आणि सांध्यांतला चुना गेलेला, अशी अवस्था होते. म्हणून पाच टक्के वजन गेलं की वाकण्याची ताकद पाच टक्क्यांनी घटत नाही, त्याच्या कितीतरी पटींनी घटते. डोळ्याला ग्रिड तीच, जाडी जवळपास तीच, आणि भार घेण्याची ताकद गेलेली. याच्याकडे लक्ष ठेवायला रोजच्या कामात वजनकाट्याहून चांगलं साधन माझ्या माहितीत नाही.

आता पाणी. ग्रिडवर जॉब मांडून अख्खा लोडच पार्ट वॉशरमध्ये घालायची आमच्याकडे पद्धत पडली होती. वेळ वाचायचा. वॉशरमधलं पाणी अल्कली डिटर्जंटचं, त्यात सोडियम आणि पोटॅशियम. शेवटची धुलाई बोअरच्या पाण्याने, आणि बोअरच्या पाण्यात कॅल्शियम. सगळं निथळून खालच्या ग्रिडवर जमा व्हायचं, छिद्रांत मुरायचं आणि वाळायचं. ते पांढरे डाग म्हणजे हेच. सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम हे तिन्ही कार्बन जाळायला मदत करणारे उत्प्रेरक आहेत. विमान कंपन्यांना हे महागात पडून कळलं: थंड देशांत धावपट्टीवरचा बर्फ वितळवायला पोटॅशियमचे क्षार फवारू लागले, आणि कार्बन ब्रेक अपेक्षेपेक्षा लवकर खाल्ले जाऊ लागले. स्पेस शटलचा अनुभव याहून बोलका आहे. 1992च्या सुमारास पंखांच्या कार्बन-कार्बन कडांवर टाचणीएवढी भोकं दिसू लागली. शोध घेतला तेव्हा कारण निघालं लाँच पॅडच्या लोखंडी सांगाड्यावरचा जस्ताचा गंजरोधक रंग. पावसाने तो धुऊन पंखांवर उतरत होता, आणि परतीच्या उष्णतेत ते जस्त लेपाच्या भेगांमधल्या काचेवर काम करत होतं. एवढी तीनपदरी तटबंदी, आणि ती भेदली पावसात धुतल्या गेलेल्या रंगाने. हे वाचल्यावर मी पुन्हा ग्रिड उलटी केली आणि पहिल्या दिवशी बाजूला सारलेले खड्डे भिंगाने एकेक करून पाहिले. प्रत्येक खड्डा डागाखालीच होता.

खात्री करायला मोडक्या ग्रिडमधून बोटभर लांबीचे तुकडे कापले. सगळे शुद्ध केलेल्या पाण्यात अनेकदा उकळून काढले, म्हणजे आधीचा क्षार निघून जावा. काही तसेच ठेवले, काही वॉशरच्या पाण्यात बुडवून वाळवले, काही बुडवून पुन्हा शुद्ध पाण्याने धुतले. मग साध्या मफल भट्टीत, हवेत, 550 अंशांना तीन तास. वॉशरच्या पाण्याच्या तुकड्यांची घट स्वच्छ तुकड्यांच्या तिपटीहून जास्त आली, पुन्हा धुतलेले तुकडे स्वच्छांच्या जवळ राहिले. दुसऱ्या फेरीत भट्टी 430 अंशांना लावली, आणि माझ्यासाठी महत्त्वाची हीच फेरी ठरली: स्वच्छ तुकड्यांत पाळीभरात मोजण्यासारखा फरक पडला नाही, क्षाराचे तुकडे तिथेही हळूहळू उतरत राहिले. म्हणजे स्वच्छ ग्रिडला जे तापमान निरुपद्रवी, त्याच तापमानाला आमच्या ग्रिड जळत होत्या.

पण आमची ग्रिड 430 अंशांना हवेत येतेच कशी? नियम 100 अंशांखाली दार उघडायचा. दिवसपाळीच्या लॉगबुकात सगळं नियमात. रात्रपाळीच्या नोंदी कन्नडमध्ये असतात. मला कन्नड बोलता येतं, हाताने घाईत लिहिलेलं वाचायला वेळ लागतो, आणि खरं सांगायचं तर दीड वर्षात मी त्या नोंदी नीट वाचल्याच नव्हत्या. रात्रपाळीच्या ऑपरेटरला सोबत घेऊन बसलो. त्याने प्रामाणिकपणे सगळं लिहून ठेवलं होतं: कुठल्या रात्री थंड होताना वीज गेली, पंखा किती वेळ बंद होता, आणि 'बागिलु', म्हणजे दार, किती वाजता उघडलं. पावसाळ्यात अशा रात्री वारंवार आल्या होत्या. तो म्हणाला, "पॅनेलवर नव्वद दाखवत होतं सर. सकाळी गिऱ्हाइकाची गाडी येणार होती. उघडून बाहेरचा पंखा लावला." पॅनेलवर नव्वद खरंच होतं. पण तो थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तार, थंड करायला आत सोडलेल्या, भिंतीजवळच्या वायूचा. मध्यभागी जाडजूड डाय ब्लॉक असेल तर वायू थंड झाला तरी त्याच्या पोटातली धग तशीच असते आणि त्याखालची ग्रिड शेकत राहते. पुढच्या लोडला ब्लॉकच्या भोकात थर्मोकपल घालून, पंखा मुद्दाम थोडा वेळ बंद ठेवून पाहिलं. पॅनेलवर नव्वद असताना ब्लॉक चारशेच्या वर होता.

नुसतं दार लवकर उघडल्याने स्वच्छ ग्रिड अशी मोडली नसती, आणि नुसत्या क्षाराने थंड ग्रिडला काही झालं नसतं. दोन्ही एकत्र यायला पावसाळ्यात वीज जावी लागली.

त्यानंतर आम्ही जे केलं त्यात महाग असं काही नव्हतं. दाराचा इंटरलॉक (आत गरम असेपर्यंत दार उघडू न देणारी सोय) पॅनेलच्या थर्मोकपलवरून काढून लोडच्या थर्मोकपलला जोडला. ग्रिड वॉशरमध्ये घालायची नाही. जॉब वेगळा धुवायचा, शेवटी शुद्ध पाण्याने, पूर्ण वाळवून मगच ग्रिडवर मांडायचा. ग्रिडला हात लावताना हातमोजे, कारण घामातही मीठ असतं. जुन्या ग्रिड शुद्ध पाण्यात उकळून, व्हॅक्यूममध्ये रिकाम्याच तापवून घेतल्या. पावसाळ्यात भट्टी रिकामी असेल तेव्हा दार बंद करून आत व्हॅक्यूम ठेवायचा. नाहीतर गरम कक्षातलं ग्रॅफाइटचं फेल्ट रात्रभर दमट हवा पिऊन बसतं आणि सकाळी तापताना तीच वाफ कार्बनला खाते. सातशे-आठशे अंशांच्या पुढे पाण्याची वाफही कार्बन जाळते, हे विसरलं जातं. हायस्पीड स्टीलच्या 1200 अंशांच्या जॉबखाली अल्युमिनाच्या पाट्या सक्तीच्या केल्या. त्याचं कारण ऑक्सिडेशन नाही: लोखंड आणि कार्बन एकमेकांना टेकले तर 1150च्या आसपासच तिथे वितळायला लागतं.

मालकांचा लेपाचा विषय अजून संपलेला नाही. बाजूचे खांब, ज्यांना पोलाद लागत नाही आणि काटाही लागत नाही, त्यांच्यावर सिलिकॉन कार्बाइड करून पाहायला माझी हरकत नाही, आणि ते कोटेशन मी मागवलं आहे.

दर दहा लोडनंतर ग्रिड वाळवून वजन होतं. मूळ वजनाच्या तीन टक्के घट झाली की ग्रिड हलक्या जॉबला, पाच टक्के झाली की बाद. गेल्या महिन्यात मामांनी एक बाद ग्रिड परत रॅकवर ठेवली. "बघा की, कुठं काय झालंय हिला?" मी काटा दाखवला. ते काही बोलले नाहीत, पण दुपारी त्यांनी स्वतःच ती दोन विटांवर आडवी ठेवली आणि मध्ये पाय देऊन दाबली. आवाज ऑगस्टमधल्यासारखाच आला. संध्याकाळी लॉगबुक बघायला गेलो तर वजनाच्या रकान्याला त्यांनी दोन्ही भाषांत मथळा लिहून घेतला होता: वजन / तूक.